धुराला पाट, पंपाला आडोसा

ऐन दिवाळीत दुखण्याचा विषय काढू नये म्हणतात. पण या घटकेला ज्या घरात कुणाची छाती भरून आली असेल, तिथे दिवाळी आणि दुखणे एकाच खोलीत नांदत आहेत. त्या घरासाठी मला आज चार कडू शब्द बोलायचे आहेत.

आपण धुराला पाट मांडतो आणि औषधाला आडोसा धरतो, ही माझी तक्रार. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून नागगोळी आपण लहानग्यांच्या हाती निर्धास्त देतो. पोर ओणवे होऊन त्या काळ्या सापावर नाक धरते आणि आपण कौतुकाने हसतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत विषारी ठरली ही गरीब नागगोळी! तिच्या धुरातले सूक्ष्म कण ४६४ सिगारेटींच्या बरोबरीचे; हजाराच्या माळेचे २७७, तर साध्या फुलबाजीचे ७४. घरात विडी ओढणाऱ्या जावयाला गॅलरीत पिटाळणारे आपण!

फटाके चार दिवसांचे, हे मान्य. आमच्या भाईंदर पश्चिमेला खाडी आणि मिठागरे. डासांना बाराही महिने तोटा नाही. संध्याकाळ झाली की खिडक्या बंद आणि कोपऱ्यात कॉइल. एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दम्याचे पोर त्याच खोलीत निजते. मच्छरदाणी मात्र माळ्यावर!

आता औषधाची कथा ऐका. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घ्यायला आपण कोसभर चालू, जिवंत मासा गिळायला मृगाच्या मुहूर्तावर हैदराबाद गाठू. पण १९५६ सालापासून जगाला ठाऊक असलेला पंप म्हटला की कपाळाला आठी! म्हणे, कडक औषध आहे, सवय लागते. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. गोळी साऱ्या अंगभर हिंडते, पंपाचे औषध थेट छातीत उतरते. मग कडक कोण?

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मला म्हणाली, "सर, तिचा पंप कुणाला दिसू देऊ नका. उद्या लग्न व्हायचंय तिचं." मुलगी चौदा वर्षांची. जिना चढताना धाप लागली तरी ती ओठ मिटून उभी राहते. त्या माउलीला मी दोष देत नाही. तिला भिववणाऱ्या साऱ्या सोयरिकींना देतो. पत्रिका पाहणाऱ्यांनो, मुलीचा श्वास कोणत्या घरात बसतो?

आणि जे पंप घेतात, तेही बहुधा निळ्यावरच भागवतात. निळा पंप आवळलेल्या नळ्या घटकाभर सैल करतो. आतली सूज तशीच राहते. २०१८ साली सौम्य दम्याच्या ३,८०० हून अधिक रुग्णांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्रास होईल तेव्हा नुसते नळ्या सैल करणारे औषध घेणाऱ्यांपेक्षा, त्यासोबत सूज उतरवणारे औषधही ओढणाऱ्यांना तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आले. त्यावरून २०१९ साली दम्याविषयीच्या जागतिक तज्ज्ञमंडळाने सांगून टाकले की बारा वर्षांवरील कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. त्याच वर्षाच्या जागतिक हिशेबात जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात होते, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक आपल्या देशात! रोग सगळीकडे तोच. आपल्याकडे तो इतका मारतो, यात औषध टाळण्याचा वाटा मोठा आहे.

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट दूर सारू नका, एवढेच करा. नागगोळ्या दुकानदाराला परत द्या. कॉइल विझवून मच्छरदाणी बांधा. घरातला दमेकरी नुसत्या निळ्या पंपावर असेल तर भाऊबीज उरकताच त्याला डॉक्टरांकडे न्या आणि सूज उतरवणाऱ्या औषधाचे विचारा. आणि पाहुणे आले तरी पंप कपाटात लपवू नका. चष्म्याशेजारी, उघड्यावर ठेवा.