आपला उजेड, दुसऱ्याचा अंधार

परवा देवळालीचे एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. “डॉक्टर, चष्म्याचा नंबर बदलून द्या. रात्री समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं, रस्ताच दिसत नाही,” म्हणाले. तपासले, तर नंबर बरोबर होता. मोतीबिंदूची नुकती सुरुवात होती. त्यांना समजावून सांगितले खरे, पण मन खात होते. तसलेच दिवे काही दिवसांपूर्वी माझ्याही गाडीला होते.

माझी गाडी जुनी, दिवे मिणमिणते. म्हणून एका दुकानातून पांढरेशुभ्र एलईडी बल्ब बसवून घेतले. दुसऱ्याच आठवड्यात सिन्नरहून येताना मोहदरी घाटात समोरून एक दुचाकी आली. मी डिपर दिला, तरी त्या माणसाने डोळ्यांपुढे हात धरला आणि गाडी कडेच्या मातीत गेली. मागे पत्नी, तिच्या मांडीवर मूल. सुदैवाने कोणाला लागले नाही. मी धावत गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, “साहेब, काहीच दिसलं नाही.”

दिवा खाली करूनही असे का व्हावे? हॅलोजन बल्बमधील तार नेमकी कुठे असते, याचा हिशेब करून हेडलाइटचा आरसा घडवलेला असतो. त्यात वेगळ्या घडणीचा बल्ब घातला की प्रकाश वर फाकतो. काही जण १०० वॅटचे हॅलोजन घालतात. त्याने समोरच्याचे डोळे दिपतातच, शिवाय ६० वॅटचे दोन बल्ब जिथे १० अ‍ॅम्पियर वीज ओढतात, तिथे हे जवळपास १७ ओढतात. बारीक तारांचे आवरण वितळते, प्रसंगी गाडी पेट घेते.

आता डोळ्यांचे पाहू. अंधारात पाहण्याचे काम पडद्यावरील दंडपेशी करतात. अंधाराला पूर्ण सरावायला त्यांना २० ते ३० मिनिटे लागतात. प्रखर झोत पडला की हा सराव मोडतो आणि नजर ठिकाणावर यायला काही सेकंद जातात. उतारवयात अधिक जातात. मोतीबिंदू असला तर प्रकाश भिंगातच विखुरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ३ सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढ्या अंतरात शिर्डीला पायी निघालेली पालखी असू शकते, पिंपळगावला कांदा नेणारी, मागे दिवा नसलेली ट्रॉली असू शकते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हाच विचार आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये, असे १०६ वा नियम सांगतो.

“सगळेच लावतात, मग आम्ही काय चाचपडत जायचे?” असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. मीही तो घेऊन एका जाणत्या वायरमनकडे गेलो. त्याने मीटर लावला. बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट होते, बल्बपाशी जेमतेम अकरा. जुने बटण आणि बारीक तारा मधल्यामध्ये वीज खात होत्या. व्होल्ट १० टक्के घटले की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. त्याने बॅटरीपासून फ्यूजसह जाड तार ओढली, रिले बसवला, एलईडी काढून मूळचेच ६०/५५ वॅटचे बल्ब लावले आणि भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली बसवला. रस्ता आता स्वच्छ दिसतो.

तेव्हा वाचकहो, बल्ब बदलण्याआधी वायरिंग तपासा. हेडलाइटची काच पुसा. मागे ओझे भरले की झोत वर जातो, तो नीट करून घ्या. समोरून झोत आला तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहा आणि वेग कमी करा. रात्री काळा चष्मा लावू नका. पन्नाशीनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्या.

त्या शिक्षकांना मी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे, तोवर रात्री गाडी चालवू नका असे सांगितले आहे. त्यांच्या डोळ्यांवर उपचार मी करीन. पण समोरच्या गाडीच्या दिव्यावर माझ्याकडे औषध नाही. ते त्या गाडीच्या मालकाकडेच आहे.