बंबाचा वास

जर्मनीतलं येना हे डोळ्यांचं गाव. कार्ल त्साइसने १८४६ साली इथे अचूक यंत्रांची आणि भिंगांची कार्यशाळा थाटली, अर्न्स्ट आबेने भिंगांना गणिताची शिस्त लावली आणि १८८४ साली ओटो शॉटने या दोघांच्या साथीने काचेची प्रयोगशाळा उभारली. त्याच १८८४ साली तिकडे स्कॉटलंडात ‘टीचर्स हायलँड क्रीम’ हे व्हिस्कीचं नाव नोंदवलं गेलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तो परवाच्या शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात जुळला.

टीचर्सशी माझी ओळख नाशिकची. काकांच्या कपाटात, कपड्यांच्या घडीमागे ती बाटली असायची. स्कॉचवर तेव्हा दीडशे टक्के आयातशुल्क होतं, त्यावर राज्याचे कर. अशी बाटली उघडायची म्हणजे कुणाचं तरी प्रमोशन व्हायला हवं. मग बर्फ, काठोकाठ सोडा, तिखट शेंगदाणे, आणि पहिल्या घोटाला सगळ्यांचं एकमत: “स्मूद आहे!” आम्ही चव घेत नव्हतोच, किंमत पीत होतो.

इथे तीच बाटली सुपरमार्केटात कांदे आणि दुधाबरोबर ट्रॉलीत आली, पंधरा युरोंच्या आत. रुबाब उतरला आणि परीक्षा घ्यायची सोय झाली.

पहिला नापास झाला तो डोळा. पेल्यातला सोनेरी रंग पाहून मी ‘वा’ म्हणालो, तर बरोबरच्या दोघा मित्रांपैकी एकाने बाटली फिरवून मागचं लेबल दाखवलं: ‘मिट फार्बश्टॉफ’, म्हणजे रंग घातलेला आहे. करपवलेल्या साखरेचा हा रंग स्कॉचच्या नियमांत बसतो, पण जर्मनीत तो लेबलावर कबूल करावा लागतो. भिंगांच्या गावात डोळ्याची अशी फजिती!

मग नाक. पेला तोंडाशी निमुळता, बर्फ नाही, सोडा नाही. ब्लेंड म्हणजे जवाच्या माल्टच्या व्हिस्कीत गहू किंवा मक्याची हलकी ग्रेन व्हिस्की मिसळलेली, दोन्ही ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षं मुरलेल्या. स्वस्त ब्लेंडमध्ये ग्रेनचा वाटा मोठा, म्हणून पहिला हुंगा स्पिरिटचा, नाकात झणका आणणारा. चमचाभर साधं पाणी घातलं, आणि मागून धूर आला.

हा धूर आर्डमोरचा. टीचर कुटुंबाने १८९८ साली खास आपल्या ब्लेंडसाठी बांधलेली ही भट्टी. तिथे आजही पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतिज मातीच्या, धुरावर सुकवलेलं माल्ट वापरतात. पाण्याने धूर का जागा होतो, यावर स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी २०१७ साली संगणकावर अभ्यास मांडला होता. धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू अल्कोहोलच्या गर्दीत खोल अडकतो. व्हिस्की पातळ केली की पृष्ठभागावर, म्हणजे नाकाजवळ येतो.

आता या वासाला म्हणायचं काय? इंग्रजी पुस्तकं हेदर म्हणतात, टॉफी म्हणतात. हेदर हे स्कॉटिश झुडूप मी आयुष्यात हुंगलेलं नाही. आम्ही कागद घेतला आणि मराठीत लिहायला बसलो. काकवी. चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट. जिभेच्या कडेला किंचित मिरी. शेपूट आखूड, घोट गिळला की चव फार रेंगाळत नाही. आणि धूर? तिघेही अडलो. मग मी लिहिलं, ‘बंब’. वाद संपला.

निकाल: दहापैकी साडेसहा. पंधरा युरोंना याहून जास्त मागणं म्हणजे लोभ.

रविवारी काकांना फोन केला.

“केवढ्याला पडली?” हा पहिला प्रश्न. दुसरा, “स्मूद आहे ना?”

“काका, स्मूद नाही. बंबासारखी आहे.”

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग हळूच शब्द आले, “पावसाळ्यातल्या बंबासारखी? ओली लाकडं घातल्यावर यायचा, तो वास?”

“हो, तोच.”

“थांब,” काका म्हणाले. कपाटाचं दार करकरलेलं मला येनात ऐकू आलं.