सब्जेक्ट म्हणजे क्रिया करणारा नव्हे

वाशिंदच्या फलाटावर रोज उभे राहणाऱ्या मुलांच्या कानांवरून एक इंग्रजी वाक्य कितीदा तरी गेलेले असते: ‘द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ यातला सब्जेक्ट कोणता, असे विचारले तर मूल शिकवल्याप्रमाणे ‘कोण?’ असा प्रश्न करील आणि दिलगीर होणारी रेल्वे शोधू लागेल. रेल्वे त्या वाक्यात नाहीच. सब्जेक्ट आहे ‘द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड’, म्हणजे झालेली गैरसोय, आणि तिने काही केलेले नाही. ‘क्रिया करतो तो सब्जेक्ट’ ही व्याख्या पाठ केलेले मूल इथे चुकणारच. ती व्याख्या आता फळ्यावरून पुसली पाहिजे.

मुलांना व्याकरण कळत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. ‘राजूने आंबा खाल्ला, राजूने भाकरी खाल्ली’ असे चार वर्षांचे मूलही बिनचूक बोलते. क्रियापद राजूला सोडून आंब्याच्या, भाकरीच्या लिंगाप्रमाणे बदलते, हे त्याच्या जिभेला ठाऊक असते. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रयोगांची केवढी चिकित्सा केली आहे! अडचण एवढीच की इंग्रजी क्रियापद कर्माकडे वळत नाही. आंबे दहा असले तरी ‘राजू ईट्स मँगोज’ मधले ‘ईट्स’ एकट्या राजूचे. आपण ‘घरी गेलो’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजीला ‘आय’ लागतोच. पाऊस पडला तरी तिथे एक ‘इट’ उभे करावे लागते. हा फरक मराठीतूनच समजावून द्यावा आणि मग खूण सांगावी: वाक्याचा हो-नाही प्रश्न करा, ‘इज’ किंवा ‘आर’ ज्या शब्दांना ओलांडून पुढे येतो ते सगळे शब्द मिळून सब्जेक्ट. ‘द बॉइज ऑन द ब्रिज आर लेट’ चा प्रश्न ‘आर द बॉइज ऑन द ब्रिज लेट?’ असा होतो. शेजारच्या ‘ब्रिज’ला भुलून ‘इज’ लिहिणारे मूल इथे थबकते. जिथे ‘इज’-‘आर’ नसतील तिथे एकाचे अनेक करून क्रियापद बदलते का ते पाहावे.

लहानांना जुनी व्याख्या सोपी पडते, असे शिक्षक म्हणतील. पहिल्या दहा-वीस वाक्यांपुरती पडते, हे खरे. पण पुढे तीच विसरायला लावावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भाषा ऐकून येते, व्याकरणाने नव्हे. मात्र राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी शहापूर-मुरबाडच्या ठाकर-कातकरी पाड्यांवर ती ऐकायला मिळते कुठे? घरी बोली, अंगणात बोली, वर्गात मराठी, आणि इंग्रजी एका तासापुरती. मुंबईच्या मुलाला कान जे आयते देतात, ते या मुलांना एखाद्या पक्क्या खुणेने मिळवून द्यावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी वाक्ये त्यांच्याच बोलीतून घेता येतील.