हौस कुणाची, कमाई कुणाची?

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू जाहिरातींचे पैसे घेऊ लागले, तेव्हापासून कित्येक सज्जनांचा जीव हळहळतो आहे. विद्येच्या मंदिरात बाजार भरला, असे ते म्हणतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की बाजार भरला कधी आणि तुम्हाला दिसला कधी?

१९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांचे दूरचित्रवाणी-हक्क विकण्याची महाविद्यालयांना मोकळीक दिली. पुढे प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरांवर गेले. खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे स्वतःच्या नावावर एक डॉलर घेण्याची बंदी! एड ओबॅनन या बास्केटबॉलपटूला एका व्हिडिओ खेळात स्वतःचीच प्रतिमा दिसली, तीही फुकट वापरलेली. २००९ साली तो न्यायालयात गेला. म्हणजे बाजार होताच. मालाच्या धन्याला तेवढा तिथे मज्जाव होता.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोड शब्दही भोळा नाही. १९५५ साली रे डेनिसन हा कोलोरॅडोतील फुटबॉलपटू सामन्यातल्या दुखापतीने वारला. त्याच्या पत्नीने कामगाराच्या विधवेला मिळते तशी भरपाई मागितली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली तिला रिकाम्या हाताने परत पाठवले. असल्या दाव्यांच्या धास्तीनेच राष्ट्रीय संघटनेचे वॉल्टर बायर्स यांनी तो शब्द रूढ केला. आणि निवृत्तीनंतर, १९९५ साली, पुस्तक लिहून या व्यवस्थेवर स्वतःच कोरडे ओढले!

१ जुलै २०२१ रोजी जाहिरातींवरची बंदी उठली. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने महाविद्यालयांनाही उत्पन्नातला वाटा खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. आता म्हणतात, संघात हेवा शिरेल. नामांकित तेवढे श्रीमंत होतील. होतीलही. पण गाणे शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मैफिलीची बिदागी घेतली, तर वर्गात मत्सर नको म्हणून ती कुणी जप्त करतो का? अठरा-एकोणीस वर्षांची पोरे करारावर डोळे मिटून सही करतील, ही भीती मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून चांगला वकील द्यावा. पोराचा हात बांधून ठेवू नये.

गुडघा एकदा गेला, की बहुतेकांची कमाईची उमेदही जाते. ज्याच्या घामावर पंगत झडते, त्यालाच उपासाचे पुण्य सांगत बसणे, याला मी तरी सात्त्विकपणा म्हणणार नाही.