जुना मॅक : औषधाआधी निदान

परदेशातल्या मुलाने किंवा मुलीने नवा लॅपटॉप घेतला की जुना मॅकबुक सुटकेसमधून पुण्याला, नाशिकला किंवा डोंबिवलीला आई-वडिलांकडे येतो. घरात त्याला मान असतो. त्यावर नातवंडांचे फोटो बघितले जातात, रविवारचा व्हिडिओ कॉल होतो, रक्ततपासणीचे अहवाल ईमेलने येतात आणि हळूहळू बँकेचे व्यवहारही त्यावरच होऊ लागतात. मग एके दिवशी पडदाभर लाल खिडकी उघडते, भोंगा वाजतो आणि ‘तुमच्या मॅकमध्ये व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा इशारा झळकतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला अशा वेळी धडधड सुरू होणे स्वाभाविक आहे. ती व्हावी आणि त्या भरात फोन केला जावा, यासाठीच तर तो भोंगा असतो.

यावर घरोघरी दोन मते ऐकू येतात. ‘मॅकला व्हायरस लागतच नाही’ हे एक आणि ‘चांगला अँटिव्हायरस टाकून घ्या’ हे दुसरे. पहिले चूक आहे. दुसरे म्हणजे ताप आला की अँटिबायोटिक मागण्याचा प्रकार आहे.

पहिल्या समजाला इतिहासाचा आधार नाही. घरगुती संगणकांत पसरलेला सर्वांत जुन्या व्हायरसांपैकी एक, ‘एल्क क्लोनर’, १९८२ मध्ये ॲपल-२ या यंत्रांवरच फ्लॉपीतून फिरला. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने तो गंमत म्हणून लिहिला होता. पुढे विंडोजची यंत्रे जगभर पसरली, हल्लेखोर तिकडे वळले आणि ॲपलनेही जाहिरातींतून ‘आमच्याकडे हा त्रास नाही’ असे बिंबवले. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सहा लाखांहून अधिक मॅक बाधित केले, तेव्हा हा भ्रम फुटला. त्याच वर्षी ॲपलने आपल्या संकेतस्थळावरचे ‘पीसीचे व्हायरस लागत नाहीत’ अशा अर्थाचे वाक्य बदलून ‘सुरक्षित राहील असा बनवला आहे’ अशा अर्थाचे सावध वाक्य ठेवले.

फ्लॅशबॅक शिरला तो जावा या सॉफ्टवेअरमधल्या एका छिद्रातून. ते बुजवणारी दुरुस्ती ओरॅकल कंपनीने फेब्रुवारीत दिली होती, पण मॅकपर्यंत ती एप्रिलमध्ये पोहोचली. लागण झाली ती या मधल्या काळात. जुन्या मॅकच्या बाबतीत हा मधला काळ आठवड्यांचा न राहता कायमचा होतो, आणि त्याचा खरा आजार हाच आहे.

ॲपल साधारणपणे मॅकओएसच्या ताज्या तीन आवृत्त्यांनाच सुरक्षा-दुरुस्त्या देते. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि मागची एक गळते. २०१२ चा मॅकबुक प्रो ‘कॅटालिना’च्या पुढे जात नाही आणि कॅटालिनाच्या दुरुस्त्या २०२२ मध्ये थांबल्या. २०१५ चा मॅकबुक प्रो आणि २०१७ चा मॅकबुक एअर ‘मॉन्टेरे’पाशी थांबतात. मॉन्टेरेचा पुरवठाही २०२४ मध्ये संपला. त्यानंतर सापडलेले प्रत्येक छिद्र या यंत्रांत उघडेच राहते. यंत्र मात्र काही सांगत नाही. ते पूर्वीसारखेच सुरू होते, पूर्वीसारखेच दिसते. उच्च रक्तदाबही वर्षानुवर्षे असाच गप्प असतो.

हे छिद्र अँटिव्हायरसने बुजत नाही. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या गुन्हेगारांची यादी घेऊन दारात उभा राहतो. तसा एक पहारेकरी, ‘एक्सप्रोटेक्ट’, ॲपलने २००९ पासून मॅकमध्येच बसवलेला आहे. २०१२ मध्ये त्याच्या जोडीला ‘गेटकीपर’ आला. पण मोडलेली खिडकी दुरुस्त करणे हे पहारेकऱ्याचे काम नाही. शिवाय पहाऱ्यालाही मर्यादा असते. १९८० च्या दशकात फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम दाखवला, तेव्हा त्याचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले. कोहेननेच पुढे गणिताने दाखवून दिले की, प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. शंभर टक्के संरक्षणाची जाहिरात करणाऱ्यांनी हे आठवावे.

मुळात मॅक हळू चालतो याचा अर्थ त्याला लागण झाली आहे असा नसतो. दहा-बारा वर्षांच्या काही यंत्रांत फिरती हार्ड डिस्क असते, ती थकलेली असते. साठवणूक फोटोंनी काठोकाठ भरलेली असते. मेमरी आजच्या संकेतस्थळांना पुरत नाही. पंख्यात धूळ बसून यंत्र तापते आणि मॅक स्वतःच वेग कमी करून घेतो. त्या वेळी ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘कर्नेल टास्क’ नावाची प्रक्रिया वर चढलेली दिसते आणि लोक तिलाच व्हायरस समजतात. अशा यंत्रात अँटिव्हायरस भरला की ते आणखी मंदावते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर बऱ्याच जुन्या मॅकना नवी उभारी येते.

एका लक्षणाकडे मात्र माणसाच्या तब्येतीसाठीच लक्ष द्यायला हवे. ट्रॅकपॅड दाबला जात नसेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा टेबलावर ठेवलेले यंत्र डुगडुगत असेल, तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते. ती पेट घेऊ शकते. चार्जिंग थांबवावे, यंत्र बंद करून दुरुस्तीला द्यावे आणि फुगवटा दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. व्हायरसच्या भीतीने रात्र जागवणारी मंडळी फुगलेला लॅपटॉप उशाशी चार्जिंगला लावतात, याला काय म्हणावे?

खरी लागण झाली असेल तर लक्षणे वेगळी दिसतात. न सांगता शोधयंत्र बदलते, ब्राउझरचे पहिले पान भलतेच उघडते, जाहिराती कुठेही उगवतात. ‘श्लेयर’ नावाचा मालवेअर बरीच वर्षे ‘फ्लॅश प्लेयर अपडेट करा’ असे सांगत मॅकमध्ये शिरत होता. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा बंद झाला, त्यामुळे आज असा निरोप आला तर तो खोटाच. २०२३ पासून दिसू लागलेला ‘ॲटॉमिक स्टीलर’ याहून घातक आहे. फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा फसव्या जाहिरातींतून तो येतो, मॅकचा पासवर्ड मागतो आणि साठवलेले सगळे पासवर्ड घेऊन जातो. इथे दार वापरणाऱ्याने स्वतः उघडलेले असते. नवा कोरा मॅकसुद्धा यातून सुटत नाही.

लाल खिडकीचे काय करायचे? ते केवळ एक वेबपान असते. ऑप्शन, कमांड आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा आणि शिफ्ट दाबून ठेवत सफारी पुन्हा उघडावा, म्हणजे तेच पान परत येत नाही. दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. फोन करून झाला असेल आणि पैसे गेले असतील, तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. इथे लाजण्यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. लक्षणे रेंगाळली तर ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढावीत, सेटिंग्जमध्ये ‘प्रोफाइल्स’ असा विभाग दिसत असेल तर त्यात कोणी काही घुसवले आहे का ते पाहावे. एखाद्या नावाजलेल्या स्कॅनरने एकदा तपासणी करायला हरकत नाही. पण दोन-तीन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या रुग्णाचे जे होते, तेच यंत्राचेही होते. फुकट अँटिव्हायरसबद्दलही सावध असावे. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने ग्राहकांचा ब्राउझिंगचा तपशील विकल्याचे उघड झाले आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

दुरुस्त्या वेळेवर न लागल्याची किंमत रुग्णालयांनी मोजलेली आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडच्या २३६ आरोग्य ट्रस्टपैकी किमान ८१ विस्कळीत केले आणि सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज निघाला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ती लावली गेली नव्हती. तपासणीची महागडी यंत्रे मात्र दर पाच वर्षांनी बदलता येत नाहीत. त्यांचे जुने संगणक नेटवर्कपासून वेगळे ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. कोविडनंतर ‘विलगीकरण’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि जुन्या मॅकलाही तोच उपचार लागू पडतो. फोटो, गाणी, लेखन, जुनी कागदपत्रे यांसाठी तो अजून वर्षानुवर्षे चालेल. बँक, पेन्शन, विमा आणि वैद्यकीय कागदपत्रे त्याच्यावरून हलवून अपडेट मिळत असलेल्या फोनवर न्यावीत. इंटरनेट लागणारच असेल, तर सफारीऐवजी अजून दुरुस्त्या मिळत असलेला ब्राउझर वापरावा. फायरफॉक्सने आपली ११५ क्रमांकाची आवृत्ती जुन्या मॅकसाठी मुद्दाम लांबवत नेली आहे. हौस आणि हाताशी जाणकार असेल तर लिनक्स टाकता येते. ‘ओपनकोर’ वापरून नवे मॅकओएस जुन्या यंत्रावर बसवणारेही आहेत, पण त्यासाठी ॲपलची काही संरक्षणे सैल करावी लागतात, तेव्हा ते आजी-आजोबांच्या यंत्रावर न केलेले बरे.

या सगळ्यात ग्राहकावरच किती भार टाकायचा, हाही प्रश्न आहे. आठ-दहा रुपयांच्या गोळ्यांच्या पाकिटावर मुदत छापावी लागते. लाखभर रुपयांच्या लॅपटॉपच्या खोक्यावर सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील याचा उल्लेख नसतो. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून स्मार्टफोन आणि घरगुती स्मार्ट उपकरणांच्या कंपन्यांना ही मुदत जाहीर करणे बंधनकारक केले, पण लॅपटॉप त्यातून वगळले. भारतात तरी ते वगळू नयेत. ही तारीख ग्राहकाने खरेदीच्या वेळी विचारावी आणि दुकानदाराला सांगता यावी.

तोवर हे काम यंत्र पाठवणाऱ्या मुलामुलींचे आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडले की आवृत्ती दिसते. ती दुरुस्त्या मिळणाऱ्या तिन्हींत बसते का, ते सामान बांधण्याआधी पाहावे. बसत नसेल तर यंत्र पूर्ण पुसून, त्यात स्वतःचा एकही पासवर्ड न ठेवता, ‘हा फोटोंचा मॅक, बँक फोनवर’ असे सांगूनच आई-वडिलांच्या हाती द्यावे. बरोबर एक बाहेरची हार्ड डिस्कही द्यावी. ‘टाइम मशीन’ने बॅकअप घेऊन झाला की ती काढून कपाटात ठेवायची, जोडलेली ठेवायची नाही.