टोपली वीण : आधी नमुना, मग सौदा

क्रोशाची सुई हाती धरणाऱ्या बहुतेक भगिनींना साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन टाके येतात. तेवढ्यावर दाराचे तोरण होते, ताटावरचा रुमाल होतो. पुढे काय शिकावे, असा प्रश्न मग पडतो. या खेपेस खांबापासूनच तयार होणारी एक उठावाची वीण देत आहे. तिला आपण टोपली वीण म्हणू. विणून झाल्यावर ती बुरडाच्या टोपलीसारखी दिसते : एक पट्टी वर, शेजारची खाली. गरम पातेल्याखाली ठेवायची चौकट, बसायचे आसन, पिशवी अशा रोजच्या वापराच्या जाड वस्तूंना ही वीण उत्तम.

शेतीखात्याच्या माणसाने सुईदोऱ्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. दोरा कापसाचा आहे आणि हिशेब शेतीसारखाच आहे, एवढे उत्तर पुरे.

दोरा कोणता घ्यावा

गरम भांड्याशी संबंध येणारी वस्तू सुती दोऱ्याचीच करावी. बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे अॅक्रिलिकचे असतात. ते स्वस्त असतात, रंगही भडक असतात; पण अॅक्रिलिक जास्त उष्णतेने मऊ पडते आणि वितळते. चुलीवरून उतरलेले पातेले त्यावर ठेवले तर दोरा भांड्याला चिकटेल आणि हातालाही भाजेल. कापूस वितळत नाही. फार तापला तर करपतो, म्हणून त्यालाही जाळापासून दूरच ठेवावे. कापसाचा आणखी एक गुण असा की तो ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट बळकट होतो. त्यामुळे वस्तू वारंवार धुता येते. मात्र ओल्या चौकटीने गरम भांडे कधीही धरू नये. कोरड्या विणीत हवा अडकलेली असते, ती उष्णता रोखते. ओल्या विणीतून चटका थेट हाताला बसतो.

शिकण्यासाठी आठ पदरी सुती दोरा व चार मिलिमीटरची सुई घ्यावी. रंग फिका असावा. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि शिकणारी कंटाळते.

वीण कशी घालावी

नेहमीचा खांब आपण खालच्या टाक्याच्या माथ्यात घालतो. टोपली विणीत सुई माथ्यात घालायची नाही, खालच्या खांबाच्या बुंध्याभोवती फिरवायची. सारी करामत एवढीच आहे.

पुढचा खांब : सुईवर एक वेढा घ्या. सुई खांबाच्या उजव्या अंगाने पुढून मागे न्या, बुंध्याच्या मागून फिरवून डाव्या अंगाने पुन्हा पुढे काढा. आता दोरा ओढून नेहमीसारखा खांब पुरा करा. हा खांब आपल्या बाजूला उचलून येतो.

मागचा खांब : वेढा घेऊन सुई उजव्या अंगाने मागून पुढे काढा, बुंध्याच्या पुढून फिरवून डाव्या अंगाने मागे न्या. खांब पुरा करा. हा खांब मागच्या बाजूला दबतो. डावखुऱ्या भगिनींनी उजवे-डावे बदलून घ्यावे.

आता नमुना. २४ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला व शेवटपर्यंत प्रत्येक साखळीत एक खांब घालीत जा. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरून एकूण २२ खांब होतील. ही पायाची ओळ. दोन्ही कडांचे एकेक टाके सोडले तर मध्ये २० खांब राहतात, म्हणजे चार-चार खांबांचे पाच घर.

दुसरी ओळ : काम उलटवा, दोन साखळ्या घाला. हा कडेचा टाका झाला, म्हणून पहिला खांब सोडा. मग चार पुढचे, चार मागचे, चार पुढचे, चार मागचे, चार पुढचे. शेवटी कडेच्या साखळीच्या माथ्यात एक अर्धा खांब.

तिसरी ओळ : कडा तशाच ठेवून सुरुवात मागच्या खांबांनी करा. चार मागचे, चार पुढचे, असे शेवटपर्यंत.

चौथी ओळ : दुसरीसारखी, पुढच्या खांबांनी सुरू.

येथे पहिल्या घरांची रांग पुरी झाली. पाचव्या ओळीपासून पुन्हा तोच क्रम : पाचवी पुढच्यांनी सुरू, सहावी मागच्यांनी, सातवी पुढच्यांनी. एवढेच पाठ करावे : पुढे, मागे, पुढे, पुढे, मागे, पुढे. चौथी आणि पाचवी या लागोपाठच्या दोन्ही ओळी पुढच्यांनी सुरू होतात, तेथेच वरची पट्टी खाली जाते, खालची वर येते आणि टोपली दिसू लागते. तीन ओळींचा हा संच पाच वेळा केला की नमुना साधारण चौकोनी होतो.

घरांची संख्या मात्र विषम ठेवावी : पाच, सात, नऊ. म्हणजे ओळीच्या दोन्ही टोकांना सारखेच घर येते आणि वरचा क्रम बिघडत नाही. साखळ्या किती घालाव्यात? घरांना चाराने गुणावे व चार मिळवावे. नऊ घरांना ४० साखळ्या.

चुका कोठे होतात

कड आत ओढली जाऊन चौकोनाचा त्रिकोण होऊ लागला, तर शेवटचा अर्धा खांब राहून जात आहे असे समजावे. प्रत्येक ओळीनंतर २२ टाके मोजावेत. वीण पत्र्यासारखी ताठ झाली, तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यावी. बुंध्याभोवतून काढलेला पहिला फेरा थोडा उंच ओढावा, नाहीतर ओळी बुटक्या राहतात.

इंग्रजी पुस्तकावरून किंवा मोबाइलवर पाहून विणणाऱ्या मुलींनी एक ध्यानात ठेवावे. अमेरिकन पद्धतीत 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब. ब्रिटिश पद्धतीत त्याच खांबाला 'ट्रेबल' म्हणतात आणि 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. पुस्तक कोणत्या पद्धतीचे आहे हे आधी न पाहिल्यास सारे मापच चुकते.

नमुन्याचा हिशेब

या विणीत पट्ट्या एकमेकींवर चढतात, त्यामुळे तेवढ्याच मापाच्या साध्या विणीपेक्षा दोरा बराच जास्त लागतो. बचत गट फसतात ते येथे. साध्या रुमालाच्या अंदाजाने भाव सांगितला जातो, दोरा अर्ध्यावर संपतो. पुन्हा आणलेल्या गुंड्याचा रंग किंचित वेगळा निघतो, कारण त्याचा रंगाईचा लॉट वेगळा असतो. चार वस्तू एकीकडे, दोन दुसरीकडे, आणि गिऱ्हाईक नाराज.

पिकाचा उतारा काढताना आपण सारे शेत कापून मोजत नाही. ठरावीक मापाचा तुकडा कापतो, त्याचे धान्य तोलतो आणि त्यावरून एकरी उत्पादन काढतो. विणीचेही तसेच करावे. नमुना आधी धुऊन वाळवावा, कारण सुती वस्तू पहिल्या धुण्यात आटते. मग मोजावा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावा.

समजा, नमुना १२ सेंटिमीटर लांब-रुंद भरला, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर, आणि वजन १८ ग्रॅम आले. वस्तू २० सेंटिमीटर लांब-रुंद हवी, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. १८ ला ४०० ने गुणून १४४ ने भागले की ५० ग्रॅम येतात. कड, गाठी व नासधूस यांसाठी ५ ग्रॅम जास्त धरा. दहा वस्तूंना ५५० ग्रॅम दोरा, तो एकाच वेळी, एकाच लॉटचा आणावा.

आता वेळ. नमुना विणायला ९० मिनिटे लागली असतील, तर त्याच हिशेबाने एका वस्तूला २५० मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक. हात बसल्यावर वेळ कमी होईल, तेव्हा पुन्हा मोजावा. गावात खुरपणीला तासाला जी मजुरी पडते, तिने या तासांना गुणावे, त्यात दोऱ्याची किंमत घालावी. येईल तो आकडा म्हणजे तुमची खालची हद्द. त्याखाली सौदा करणे म्हणजे पदरचे देऊन माल विकणे.

"घरी बसून तर विणतेस, मजुरी कसली?" असे घरातलेच माणूस म्हणते. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले नरसापूर हे गाव क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथील माल परदेशी जात असे. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या बाया 'गृहिणी' समजल्या जात, त्यांचे काम फावल्या वेळाचे मानले जाई, आणि म्हणून मोबदला अगदी तुटपुंजा मिळे, असे त्यांनी दाखवून दिले. नफा व्यापाऱ्याकडे राही. २०२४ साली नरसापूरच्या या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. नाव झाले, ते चांगलेच झाले. परंतु विणणारीच्या हातात काय पडते, हा हिशेब तिने स्वतःच मांडावा लागतो.

तेव्हा भगिनींनो, सवड मिळेल तेव्हा २२ टाक्यांचा हा नमुना घाला. एका वहीत प्रत्येक विणीचे एक पान करा : दोरा, सुई, टाके, माप, वजन, वेळ. शक्य तर नमुना पानाला टाचून ठेवा. गिऱ्हाईक आले की वही उघडा, आकडा पाहा आणि मगच भाव सांगा.