शेरीफास जाब कोणी विचारावा?

मुंबईकर वाचकांस ‘शेरीफ’ म्हटले की एक मानाचे पद आठवते. अमेरिकेतील शेरीफाची गोष्ट अगदी निराळी. तेथे बहुतेक परगण्यांत तो लोकांच्या मतांनी निवडून येतो. सशस्त्र डेप्युटी त्याच्या हुकमतीत असतात आणि परगण्याचा तुरुंगही बहुधा त्याच्याच ताब्यात असतो. ह्या डेप्युटींवर देखरेख कोणाची, असे विचारले की शेरीफांचे कैवारी म्हणतात : ‘लोकांनी निवडले, लोकच पंच, मध्ये तिसऱ्याचे काय काम?’

हे उत्तर दिसावयास लोकशाहीचे, परंतु परिणामी तिचाच घात करणारे आहे, असे आमचे मत आहे. लॉस एंजेलिस परगण्याचेच पाहा. ली बाका हे गृहस्थ १९९८ पासून लागोपाठ चार वेळा तेथे शेरीफ म्हणून निवडून आले. त्यांच्या तुरुंगांतील मारहाणीची चौकशी केंद्र सरकारच्या तपासखात्याने चालविली असता, २०११ साली त्या खात्यास माहिती पुरविणारा कैदीच खोट्या नावांखाली दडविण्यात आला. ह्या तपासास अडथळा आणल्याच्या प्रकरणी बाका यांस २०१७ साली तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. चार निवडणुकांस जे दिसले नाही, ते बाहेरच्या तपासनिसास दिसले. भिंतीआडचे मतदारास कळूच दिले नाही, तर त्याने मत कशाच्या आधारे द्यावे?

पुढे २०१६ साली नागरिकांचे देखरेख मंडळ निघाले. परंतु साक्षीदार व कागदपत्रे सक्तीने मागविण्याचा अधिकार त्यास २०२० साली मतदारांच्या कौलाने मिळाला. तत्कालीन शेरीफ व्हिलानुएवा यांनी त्या समन्सांसही जुमानले नाही. तेव्हा २०२२ साली मतदारांनी त्यांस तर पाडलेच, शिवाय सबळ कारण असल्यास पाचांपैकी चार मतांनी शेरीफास काढण्याचा अधिकार परगण्याच्या निर्वाचित मंडळास दिला. ज्या लोकांच्या नावावर देखरेख नाकारली, त्याच लोकांनी ती मागून घेतली!

डेप्युटीचे काम जोखमीचे आहे, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच प्रामाणिक डेप्युटीस निःपक्षपाती चौकशीचे भय नसावे. तिच्यावाचून चांगल्यावाइटाची निवड होणार कशी?

आपल्याकडे पोलीस निवडून येत नाहीत. तरी २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयास राज्यवार व जिल्हावार पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश द्यावा लागला. तत्त्व दोन्हीकडे एकच. कुंपणच शेत खाऊ लागले असता, नुकसानीचा पंचनामा कुंपणाकडून लिहवून घेणे शहाणपणाचे नव्हे.